सोल सोडून लॉस एंजेलिसला

२०२२ च्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेतला कोरियन सहकारी शनिवारी-रविवारी प्रयोग लावून द्यायचा आणि मशीन चालू असेपर्यंत लॅपटॉपवर 'लीग ऑफ लेजंड्स'चे सामने बघत बसायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एकाच खोलीत दोघांनी जागायचं म्हटल्यावर माणूस शेजारच्याच्या पडद्यावर नजर टाकतोच. त्याचा आवडता संघ 'टीम लिक्विड', आणि त्यातला आवडता खेळाडू कोअरजेजे, म्हणजे जो योंग-इन. सामने चालू होते, पण हा पठ्ठ्या काही मैदानात दिसेना. मी विचारलं, "दुखापत झाली का?" तो म्हणाला, "नाही. ग्रीन कार्ड आलेलं नाही."

मी इतक्या जोरात हसले की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं. मग लक्षात आलं की तो गंमत करत नव्हता. जगज्जेता खेळाडू, कॉम्प्युटरसमोर बसून खेळायचा खेळ, आणि तो बाकावर बसलाय, कारण अमेरिकन सरकारकडून एक कार्ड यायचं होतं. तेव्हा माझी स्वतःची कागदपत्रंही कुठल्यातरी टपालपेटीत अडकलेली होती. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. इतिहास हा माझा धंदा नाही, माझी डॉक्टरेट रसायनशास्त्रातली. पण देश कोण सोडतं, कशासाठी सोडतं आणि मागे राहिलेले त्याला काय म्हणतात, हे प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी जेवणाच्या टेबलावर आलेले असतात.

खेळाबद्दल थोडक्यात. दोन्ही बाजूंना पाच-पाच जण, प्रत्येकाची जागा आणि काम ठरलेलं, आणि समोरच्याचा तळ आधी पाडायचा. तुमच्या घरात बारा-चौदा वर्षांचं कोणी असेल तर पुढचं त्यालाच विचारा, माझ्यापेक्षा बरं सांगेल. हा खेळ लॉस एंजेलिसच्या रायट गेम्स या कंपनीने २००९ मध्ये आणला. म्हणजे खेळ अमेरिकेचा. त्यात निष्णात झाले कोरियन.

ते का झाले, याची सुरुवात १९९७ च्या आर्थिक संकटात आहे. कोरियाला नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले, मोठमोठ्या कंपन्यांनी माणसं काढली. नोकरी गेलेल्या कितीतरी जणांनी मिळालेल्या पैशात 'पीसी बांग' उघडले. बांग म्हणजे खोली. तासावर पैसे देऊन कॉम्प्युटरवर खेळायचं दुकान. त्याच सुमाराला सरकार देशभर वेगवान इंटरनेटचं जाळं टाकत होतं. आणि १९९८ मध्ये 'स्टारक्राफ्ट' नावाचा अमेरिकन खेळ बाजारात आला. रिकामी खोली, वेगवान तार आणि हातात भरपूर वेळ असलेली तरुण पोरं. २००० साली या खेळांना वाहिलेली दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली आणि त्याच वर्षी खेळाडूंची अधिकृत संघटनाही उभी राहिली. सॅमसंग, एसके टेलिकॉम, केटी अशा बड्या कंपन्यांनी संघ बाळगले. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला लाखभर लोक जमले होते असं सांगतात.

बाहेरून हे सगळं झगझगीत होतं. आतून बघितलं तर संघाच्या एका घरात दहा-पंधरा मुलं, बंकबेड, दिवसाला बारा-बारा तास सराव आणि बहुतेकांना जेमतेम पगार, काहींना तोही नाही. वर फक्त चार-पाच नावं चमकायची. आपल्याकडे मुंबईच्या मैदानांवर जे चालतं तेच. आझाद मैदानावर एका वेळी कितीतरी सामने एकमेकांत घुसलेले, कांगा लीगच्या चिखलात पोरं घसरतायत, आणि त्यातून रणजी संघात जागा अकरा. ज्या गावात गुणवत्तेचं पीक भरघोस येतं, तिथे गुणवत्तेला भाव मिळत नाही.

अमेरिकेकडे आलेली पहिली तुकडी 'स्टारक्राफ्ट २' खेळणाऱ्यांची होती, आणि त्यांच्या वाटेतला पहिला अडथळा आपल्या ओळखीचाच, व्हिसा. पर्यटक म्हणून येऊन बक्षिसाचे पैसे किती दिवस नेणार? २०१३ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सरकारने डॅनी ले या कॅनेडियन 'लीग'पटूला पी-१ए व्हिसा दिला. हा व्हिसा आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या खेळाडूंसाठी असतो, फुटबॉलपटू-बेसबॉलपटूंना मिळतो तोच. त्याच वर्षाच्या शेवटी 'व्हायोलेट' या नावाने खेळणाऱ्या किम डोंग-ह्वानलाही तो मिळाला. कॉम्प्युटरसमोर बसणारा हा 'ॲथलीट' आहे का, या वादावर जगभर परिसंवाद चालले होते. निकाल लावला इमिग्रेशन खात्याने, एका शिक्क्यात.

आणखी एक वाट होती, आपली नेहमीची. चोई सोंग-हून, खेळातलं नाव पोल्ट, ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात शिकायला आला आणि शिकता शिकता अमेरिका विभागाच्या स्पर्धा जिंकत राहिला. प्रेक्षकांनी त्याला 'कॅप्टन अमेरिका' करून टाकलं. या विभागाचा २०१३ चा पहिला विजेता कोरियन, हरलेला अंतिम प्रतिस्पर्धीही कोरियन. अमेरिकन खेळाडू चरफडले. काही वर्षांत नियम आला की त्या विभागात खेळायचं तर तिथे कायदेशीर राहत असलं पाहिजे. पोल्टला त्याचा त्रास नव्हता, तो राहतच होता. पुढे २०१६ च्या शेवटी तो सक्तीच्या लष्करी सेवेसाठी परत गेला. कोरियन मुलाच्या कारकिर्दीला ही एक तारीख आधीपासूनच लिहिलेली असते. विशी-पंचविशीतल्या मिळकतीकडे बघण्याची त्यांची दृष्टी त्यामुळे वेगळी असते, हे आपण विसरतो.

मोठी लाट मात्र 'लीग'मध्ये आली. १९ ऑक्टोबर २०१४, सोलचं विश्वचषक स्टेडियम, चाळीसेक हजार प्रेक्षक. सॅमसंग व्हाइट या संघाने चिनी संघाला ३-१ हरवून जागतिक विजेतेपद घेतलं. त्यानंतर काही आठवड्यांत व्हाइटचे पाचही जण आणि सॅमसंगच्याच दुसऱ्या संघाचे, ब्लूचे, पाचही जण चीनला निघून गेले. दहाच्या दहा. कोरियात या हंगामाला सरळ 'एक्सोडस' म्हणतात.

सांगितलं जातं ते असं की चिनी मालकांनी पैशाच्या थैल्या उघडल्या आणि पोरं फितली. थैल्या उघडल्या हे खरंच. स्ट्रीमिंगच्या चिनी कंपन्यांकडे तेव्हा पैसा उतू जात होता आणि पगार कोरियातल्यापेक्षा कित्येक पट होते. पण त्याच सुमाराला झालेला एक बदल या गोष्टीतून सहसा गळतो. तोवर कोरियात एका कंपनीचे दोन-दोन संघ असत: व्हाइट आणि ब्लू, फ्रॉस्ट आणि ब्लेझ, शील्ड आणि सोर्ड. २०१५ पासून नियम झाला, एका मालकाचा एकच संघ. म्हणजे जगातल्या सर्वांत बळकट लीगमधल्या खुर्च्या एका रात्रीत जवळजवळ निम्म्या झाल्या. संगीत थांबल्यावर खुर्ची नसलेला माणूस शेजारच्या हॉलमध्ये जातो. त्याला लोभी म्हणण्याआधी खुर्ची कोणी उचलली ते बघायला हवं.

अमेरिकेत आले ते याच लाटेतले. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये विश्वविजेता ठरलेल्या एसके टेलिकॉम टी-वन संघातले दोघे, पिगलेट आणि इम्पॅक्ट, २०१५ च्या हंगामासाठी अमेरिकन संघांत दाखल झाले. जिंकले त्याच शहरात नोकरीला आले म्हणा. पिगलेटचं बस्तान सहजासहजी बसलं नाही. भाषा येत नाही, संघातल्यांशी पटत नाही, आणि पहिल्याच हंगामात काही काळ मुख्य संघाबाहेर बसण्याची पाळी. जगज्जेता माणूस दुय्यम संघात! आपल्याकडचा सर्जन इथे येऊन पुन्हा रेसिडेन्सीच्या परीक्षा देतो, त्याचीच मला आठवण झाली. इम्पॅक्ट, म्हणजे जंग ओन-यंग, वेगळ्या मातीचा. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत बिनधास्त बोलत राहिला, हसत राहिला, संघ बदलत राहिला आणि टिकला.

कोअरजेजेचा प्रवास तर उलटसुलट. २०१५ मध्ये तो अमेरिकेत डिग्निटास संघात आला तेव्हा त्याचं फारसं कोणी नाव घेत नव्हतं. वर्षभरात परत गेला, सॅमसंगमध्ये खेळातली आपली जागाच बदलली, नेमबाजाऐवजी साहाय्यक झाला, आणि २०१७ मध्ये बीजिंगच्या 'बर्ड्स नेस्ट'मध्ये टी-वनला ३-० हरवून विश्वविजेता झाला. मग २०१९ ला पुन्हा अमेरिका, या वेळी 'टीम लिक्विड'मध्ये आणि स्वतःच्या भावाने. परत जाणं म्हणजे हार, असं मानणाऱ्या आपल्या मंडळींना हे उदाहरण मी अधूनमधून ऐकवते.

हा भाव वाढला कशाने? सुरुवातीला अमेरिकन संघांचे मालक बहुतेक माजी खेळाडूच, स्वतःच्या खिशातून घरभाडं भरणारे. २०१५ च्या शेवटापासून बास्केटबॉलचा पैसा आला. रिक फॉक्सने 'एको फॉक्स' काढला, फिलाडेल्फियाच्या सेव्हन्टी-सिक्सर्सनी डिग्निटास घेतला, शकील ओनीलने एनआरजीत पैसे घातले, मॅजिक जॉन्सन ज्या गटात होता त्याने टीम लिक्विडचा ताबा घेतला. २०१८ मध्ये लीग कायमस्वरूपी दहा संघांची झाली. जुन्या संघांना प्रवेशशुल्क एक कोटी डॉलर, नव्यांना एक कोटी तीस लाख. खेळाडूला किमान वार्षिक पगार ७५ हजार डॉलर. (पोस्टडॉक करणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचू नये.) २०१९ च्या शेवटी डिग्निटासने हुनी या कोरियन खेळाडूशी दोन वर्षांसाठी २३ लाख डॉलरचा करार केल्याची बातमी आली. तो काही कोरियातला त्या वेळचा अव्वल नव्हता. तरी.

आणि मिळालं काय? आजवर एकाही अमेरिकन संघाने 'लीग'चं जागतिक विजेतेपद जिंकलेलं नाही. २०१८ मध्ये क्लाउड नाइन उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०१९ च्या वसंतात इम्पॅक्ट आणि कोअरजेजे असलेल्या लिक्विडने चीनच्या विश्वविजेत्या इन्व्हिक्टसला हरवून मिड-सीझन स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि तिथे युरोपीय संघाकडून ३-० मार खाल्ला. चेष्टेखोर चाहते अमेरिकेला 'वृद्धाश्रम' म्हणू लागले. पंचविशीच्या पोरांचा वृद्धाश्रम! या टोमण्यात आळसाचा आरोप दडलेला आहे, म्हणजे अमेरिकेत आले, पैसे मिळाले, सुस्तावले. माझ्या सहकाऱ्याला हे अजिबात मान्य नाही. त्याचं म्हणणं, कोरियात रात्री दोन वाजता सरावाला बसलं तर समोर देशातले सर्वोत्तम पन्नास जण हजर असतात, आणि अख्खा देश एवढासा, त्यामुळे बटण दाबलं की क्षणात परिणाम. अमेरिकेत २०१५ च्या उन्हाळ्यात सर्व्हर ओरेगनहून शिकागोला हलवले. बाकी देशाची सोय झाली, पण संघ सगळे लॉस एंजेलिसमध्ये, त्यांना प्रत्येक हालचालीत काही शतांश सेकंदांचा उशीर. ऐकायला क्षुल्लक, पण या खेळात तेवढ्यात माणूस मरतो. मला हे पटतं. उत्तम माणूस आणला म्हणजे त्याच्याभोवतीची हवा आणता येत नाही. अमेरिकन प्रयोगशाळांना हे कळतं, म्हणून त्या एकटा माणूस आणत नाहीत, मोसमभर शंभर जण आणतात.

दरम्यान मागे राहिलेला कोरिया बुडाला का? मुळीच नाही. दहा विजेते गेल्याच्या पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, बर्लिनच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघ कोरियन होते. २०१६ आणि २०१७ मध्येही तेच. धक्का बसला २०१८ मध्ये, स्वतःच्या घरच्या स्पर्धेत कोरियाचा एकही संघ उपांत्य फेरीत पोचला नाही आणि चषक चिनी संघाने नेला, ज्याचे दोन आधारस्तंभ कोरियन होते. तेव्हा कुठे पगाराचा विचार गांभीर्याने सुरू झाला. २०१९ मध्ये एका अल्पवयीन खेळाडूवर चिनी संघाशी दीर्घ करार करण्यासाठी त्याच्याच कोरियन संघाने दबाव आणल्याचा आरोप झाला, प्रकरण संसदेपर्यंत गेलं, प्रमाणित करारांचा कायदा झाला. २०२१ मध्ये कोरियन लीगचा किमान पगार दोन कोटी वॉनवरून सहा कोटींवर गेला. ज्यांनी देश सोडला त्यांना शिव्या बसल्या. जे राहिले त्यांचा पगार वाढला तो या सोडणाऱ्यांमुळे.

अपवाद म्हणून नेहमी फेकरचं नाव घेतात. ली सांग-ह्योक, २०१३ पासून एकाच संघात, चीन आणि अमेरिकेच्या प्रचंड रकमांना नकार देणारा. राष्ट्रभक्तीचा पुतळाच. त्याच्याबद्दल आदर ठेवूनच एक आठवण करून देते. २०१९ मध्ये त्याचा संघ एसके टेलिकॉम आणि फिलाडेल्फियाच्या कॉमकास्ट कंपनीची संयुक्त मालमत्ता झाला, आणि २०२० मध्ये फेकरला त्यात भागीदारी मिळाली. तो अमेरिकेला गेला नाही, अमेरिका त्याच्याकडे आली.

आपल्याकडे हे सगळं फार आधी घडून गेलंय. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यापूर्वी विनू मंकडला लँकेशायरच्या हॅसलिंग्डन क्लबचं व्यावसायिक कंत्राट मिळत होतं. त्याने आपल्या बोर्डाला विचारलं, दौऱ्यावर निवड नक्की असेल तर सांगा, मी कंत्राट सोडतो. बोर्डाने शब्द दिला नाही. तो हॅसलिंग्डनला गेला. विजय हजारेंचा संघ हेडिंग्लेच्या दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद झाला आणि बोर्डाला क्लबकडे मंकडची उसनवारी करावी लागली. लॉर्ड्सवर त्याने ७२ आणि १८४ केल्या आणि दोन्ही डावांत मिळून ९७ षटकं टाकली. हे वाचताना मला नेहमी वाटतं, त्या पत्रव्यवहारात पैशाचा हावरेपणा कुठे होता? माणूस फक्त विचारत होता, माझी जागा आहे का?

आजचं क्रिकेट बोर्ड तर निवृत्त झाल्याशिवाय कुणा पुरुष खेळाडूला परदेशी लीगमध्ये खेळूच देत नाही. म्हणून मुंबईचा हरमीत सिंग, १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या २०१२ च्या संघातला, भारतातलं क्रिकेट मागे टाकून अमेरिकेत आला. सौरभ नेत्रावळकरची वाट आणखी निराळी. २०१० चा १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला, मुंबईकडून एक रणजी सामना खेळला, आणि २०१५ मध्ये कॉर्नेलला मास्टर्स करायला निघून आला. पगारासाठी संघ बदलला असं म्हणायला त्याला तिकडे पगाराचा संघच कुठे होता. ओरॅकलमध्ये नोकरी करत करत त्याने ६ जून २०२४ ला डॅलसजवळ पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली. माझ्या बाबांनी त्या रात्री फोन केला, तिकडे सकाळच झाली होती. "आपला मुलगा जिंकला," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, तो अमेरिकेकडून खेळतोय." ते म्हणाले, "हो, पण आडनाव नेत्रावळकर ना?"

पुन्हा त्या ग्रीन कार्डाकडे येते. २०१४ मध्ये एक अख्खा चिनी संघ अमेरिकन लीगमध्ये उतरला आणि रायटला भीती वाटली की उद्या दहाही संघ बाहेरचेच होतील. म्हणून नियम आला की पाचांत परदेशी जास्तीत जास्त दोन. सुरुवातीला ठराविक काळ इथे खेळलेल्याला स्थानिक धरत. पुढे अट कडक झाली, स्थानिक म्हणजे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, ज्यांना आधीच स्थानिक धरलं होतं त्यांचं तसंच राहिलं. इम्पॅक्ट असा स्थानिक झाला. २०२२ मध्ये लिक्विडने दोन परदेशी जागा युरोपियनांना दिल्या, कोअरजेजेचं कार्ड वेळेत येईल या हिशोबावर. ते वेळेत आलं नाही. जगज्जेता बाकावर, त्याच्या जागी दुय्यम संघातला पोरगा, आणि चाहते रोज विचारतायत, कार्ड आलं का? हंगामाच्या उत्तरार्धात ते आलं. माझ्या सहकाऱ्याने त्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांना केक आणला. त्याचं स्वतःचंही त्याच वर्षी झालं. माझं झालं नाही. एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त कार्डं नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगणार. कोरियात जन्मलेल्यांची रांग छोटी, आपली दारापासून गल्लीपर्यंत. आम्ही एकाच मशीनवर काम करायचो आणि दोघांचे पेपरही बहुतेक एकत्रच. त्याने केकचा मोठा तुकडा माझ्यासाठी काढून ठेवला होता, काही न बोलता.

अमेरिकन पैशाचा पूर पुढे ओसरलाच. २०२१ मध्ये टीएसएम संघाने नावापुढे क्रिप्टो कंपनी एफटीएक्सचं नाव लावण्यासाठी २१ कोटी डॉलरचा करार केला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात ती कंपनीच बुडाली. पुढच्या वर्षी टीएसएम लीगमधून बाहेर पडला, आणखी दोघांनी गाशा गुंडाळला, दहाचे आठ संघ उरले. भरमसाट पगारांचे करार संपले आणि बरेच कोरियन परत गेले, काही प्रशिक्षक म्हणून, काही लष्करी गणवेशात.

२०२४ चा वसंत हंगाम लिक्विडने जिंकला. पाचांत तीन कोरियन होते: इम्पॅक्ट, उमटी आणि कोअरजेजे. नियमाच्या वहीत परदेशी एकटा उमटी. माझ्या सहकाऱ्याने तोवर बोस्टनला नोकरी धरली होती. अंतिम सामना संपल्यावर त्याचा मेसेज आला, इम्पॅक्टचा फोटो आणि खाली एवढंच, "आमचा स्थानिक मुलगा."